दोन जिवांचा भार वाहणारी पावले

(तालुक्याच्या गावी भरलेल्या महिला मेळाव्यात अंगणवाडी सेविका, आशा स्वयंसेविका, महिला मंडळांच्या सदस्या आणि ग्रामस्थ यांच्यापुढे एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



गर्भवती स्त्रीची विचारपूस करण्याची आपल्याकडे एक सुंदर रीत आहे. तिला काय खावेसे वाटते हे विचारले जाते, तिचे डोहाळे पुरविले जातात, सातव्या महिन्यात हौसेने डोहाळजेवण होते, तिची ओटी भरली जाते. फुलांनी सजविलेल्या झोपाळ्यावर तिला बसविले जाते. या साऱ्या कौतुकात एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. "पाय दुखतात का ग तुझे?" हा तो प्रश्न. तिने आपणहून सांगितलेच, तर उत्तर ठरलेले असते : "दिवसांत असे व्हायचेच."

हे उत्तर बव्हंशी खरे आहे. गरोदरपणात पायांवर सूज येते, पोटऱ्यांत गोळे येतात, टाचा दुखतात, चाल बदलते आणि यांतील बहुतेक तक्रारी प्रसूतीनंतर आपोआप दूर होतात. परंतु याच पायांवर कधी कधी अशी लक्षणे उमटतात, की ज्यांकडे दुर्लक्ष झाल्यास माता आणि बालक या दोघांच्याही जिवावर बेतू शकते. नेहमीचे कोणते आणि धोक्याचे कोणते, हे घरातील प्रत्येकाला ओळखता आले पाहिजे. त्याचबरोबर जे नेहमीचे आहे तेही मुकाट्याने सोसलेच पाहिजे असे नाही, हेही समजले पाहिजे. या दोन गोष्टी सांगण्यासाठी मी आज आपणापुढे उभा आहे.

मी वैद्यकीय व्यवसायातील नाही. कला शाखेचा पदवीधर असून माहिती पोहोचविणे हे माझे काम आहे. वैद्यकशास्त्राला जे निश्चितपणे ठाऊक आहे तेवढेच आपणापुढे मांडणार आहे. आणि हा विषय पुरुषाने का बोलावा, असे कोणास वाटत असेल तर त्याचेही उत्तर देतो. गर्भवतीने कोणते काम करावयाचे, किती वेळ उभे राहावयाचे, पाणी कोणी आणावयाचे आणि दवाखान्यात केव्हा जावयाचे, याचा निर्णय पुष्कळ घरांत ती एकटी घेत नाही. तो घेण्यात ज्यांचा हात असतो, त्या मंडळींनीही हे ऐकणे अगत्याचे आहे.

खाली न ठेवता येणारी कळशी

गर्भवतीच्या शरीरात नेमके काय घडते ते प्रथम पाहू. निरोगी स्त्रीचे वजन नऊ महिन्यांत साधारणपणे १० ते १२ किलोने वाढते. यातील सुमारे ३ किलो बाळाचे. उरलेले वार, गर्भजल, वाढलेले गर्भाशय, वाढलेले रक्त आणि शरीराने पुढील अंगावरच्या दुधासाठी साठविलेला मेद यांचे. १० लिटर पाण्याची भरलेली कळशी साधारण तेवढ्याच वजनाची होते. पाणवठ्यावरून आणलेली कळशी घरी आल्यावर खाली ठेवता येते. ही कळशी मात्र रात्री झोपतानाही उतरवून ठेवता येत नाही. तिचा भार कंबर, गुडघे, घोटे यांच्यावरून उतरत अखेरीस दोन तळव्यांवर येतो.

भार वाढतो त्याच वेळी आधार सैल होतो, ही यातील खरी अडचण आहे. प्रसूतीच्या वेळी बाळाला वाट मिळावी म्हणून निसर्ग आईच्या सांध्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध काहीसे शिथिल करतो. या कामात रिलॅक्सिन या संप्रेरकाचा वाटा मानला जातो. ही शिथिलता केवळ ओटीपोटाभोवतीच्या हाडांच्या कड्यापुरती मर्यादित राहत नाही, ती पायांपर्यंत पोहोचते. तळव्याच्या आतील बाजूस जी कमान असते, ती अस्थिबंधांनीच उचलून धरलेली असते. ते सैल झाले आणि वरून भार वाढला, की कमान खाली बसते. पाऊल थोडे पसरते, थोडे लांबते.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली यासंबंधी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ४९ स्त्रियांची पावले गरोदरपणाच्या आरंभी आणि पुन्हा प्रसूतीनंतर काही महिन्यांनी मोजण्यात आली. त्यांपैकी सुमारे ६० ते ७० टक्के स्त्रियांची पावले पूर्वीपेक्षा लांब किंवा रुंद झालेली आढळली. लांबीतील वाढ २ ते १० मिलिमीटर इतकी होती आणि हा बदल मुख्यतः पहिल्या गरोदरपणात होतो असे दिसून आले. "बाळंतपणानंतर माझी जुनी चप्पल मला होईना" असे म्हणणाऱ्या आपल्या आयाबहिणी काही चुकीचे सांगत नव्हत्या. सूज ओसरते, पण बसलेली कमान पुष्कळदा पूर्ववत होत नाही.

चाल का बदलते

पोट पुढे वाढू लागले की शरीराचा तोल पुढे झुकू लागतो. पडू नये म्हणून स्त्री नकळत खांदे मागे घेते, कमरेची पोकळी वाढविते, दोन पावलांतील अंतर रुंद ठेवते आणि किंचित डोलत चालते. या चालीची घरात थट्टा होते. वास्तविक शरीराने स्वतःला सावरण्यासाठी शोधलेली ती एक शहाणी युक्ती आहे. मात्र या युक्तीची किंमत पाठीच्या, नितंबांच्या आणि पोटऱ्यांच्या स्नायूंना चुकवावी लागते. संध्याकाळी कंबर भरून येते ती यामुळेच.

काही स्त्रियांना जांघेच्या मधोमध, जेथे कटीची दोन हाडे पुढे एकत्र येतात तेथे, किंवा मागे माकडहाडाच्या वरच्या बाजूस तीव्र कळ येते. कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभे राहून परकर घालताना ही कळ उठते. ही तक्रार खरी असते, ती आळस किंवा नखरा नव्हे. अशा वेळी कपडे बसून घालावेत, कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून एकदम वळावे, पायरी एकेक करून चढावी आणि मोठे मूल कडेवर घेऊन काम करण्याचे टाळावे. कडेवर मूल घेतले की सारा भार एका बाजूस जातो आणि आधीच सैल झालेला सांधा अधिक दुखावतो. वेदना फार असल्यास वैद्यकीय सल्ल्याने सोपे व्यायाम आणि कमरेचा आधारपट्टा यांचा उपयोग होतो.

आणखी एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उभ्या असलेल्या स्त्रीला स्वतःची पावलेच दिसत नाहीत. पुढची पायरी, अंगणातील दगड, मोरीतील शेवाळ, पायात येणारा साडीचा काठ, यांपैकी काहीच तिच्या दृष्टीस नीट पडत नाही. म्हणून घरातील मोरी घासून कोरडी ठेवणे, न्हाणीघरात हाताशी धरावयास काही असणे, रात्री जाण्यायेण्याच्या वाटेवर दिवा असणे आणि साडी घोट्याच्या वर नेसणे या गोष्टी क्षुल्लक समजू नयेत. तिला वाकून पायाची नखे कापता येत नाहीत, टाचांच्या भेगा पाहता येत नाहीत. ते काम पतीने, सासूबाईंनी किंवा नणंदेने केले तर त्यात कोणाचाही कमीपणा नाही. भातलावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या आणि टाचांच्या भेगा यांतूनच जंतूंचा शिरकाव होतो. पाय धुऊन, बोटांच्या फटी कोरड्या करून, टाचांना तेल किंवा मलम लावण्यास पाच मिनिटे पुरतात.

सूज : नेहमीची आणि धोक्याची

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळतो. गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि एकूण पाणीही वाढते. त्यातच वाढलेले गर्भाशय, पायांकडून हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब देते. परिणामी रक्ताला वर चढण्यास अडथळा होतो आणि पाण्याचा अंश पावलांत, घोट्यांत उतरतो. दिवसभर उभे राहिल्यावर, उन्हाळ्यात किंवा एस.टी.च्या लांब प्रवासात पाय लोंबते ठेवून बसल्यावर ही सूज वाढते. रात्रीच्या विश्रांतीनंतर ती सकाळी बरीच कमी झालेली असते. दोन्ही पायांवर सारखी, हळूहळू येणारी आणि विश्रांतीने उतरणारी सूज सामान्यतः काळजीचे कारण नसते.

या सुजेवर सोपे उपाय आहेत. दिवसातून दोनतीन वेळा पंधरावीस मिनिटे पाय उशीवर उंच ठेवून पडावे. पडताना कुशीवर, शक्यतो डाव्या कुशीवर पडावे, म्हणजे त्या मोठ्या शिरेवरील दाब हलका होतो. गुडघ्यांच्या मध्ये एखादी घडी केलेली गोधडी ठेवल्यास कंबरेलाही आराम मिळतो. शेवटच्या तीन महिन्यांत उताणे झोपण्यापेक्षा कुशीवर झोपणे बाळाच्या दृष्टीनेही अधिक सुरक्षित असते. बसल्या जागी घोटे वर-खाली आणि गोल फिरविल्याने पोटरीचे स्नायू रक्ताला वर ढकलण्यास मदत करतात. दररोज थोडे चालावे. प्रकृती निरोगी असेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर चालण्याने अपाय होत नाही, उपायच होतो.

पायांत जोडवी घालण्याची आपली रीत आहे. सूज येऊ लागली की जोडवी बोटात रुततात आणि मग काढूही म्हटले तरी निघत नाहीत. म्हणून सूज दिसू लागताच ती वेळीच काढून ठेवावीत किंवा सैल करून घ्यावीत. पैंजणाचे आणि हातातील अंगठीचेही तसेच. जोडवी काढण्यात अशुभ काही नाही. रुतलेल्या जोडव्यामुळे बोटाचे रक्ताभिसरण अडणे हे मात्र खरोखरीच वाईट.

सूज आली की मीठ बंद करावे आणि पाणी कमी प्यावे, हा समज अजूनही अनेक घरांत आहे. तो बरोबर नाही. केवळ मीठ तोडल्याने गरोदरपणातील रक्तदाबाचा विकार टळत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचेही मत आहे. रोजच्या जेवणात नेहमीइतके मीठ असावे, पाणी पुरेसे प्यावे. लोणची, पापड यांचा अतिरेक तेवढा टाळावा.

आता धोक्याच्या खुणा सांगतो. कृपया त्या ध्यानात ठेवाव्यात.

पहिली खूण अशी : सकाळी उठल्यावरही न उतरणारी, एकाएकी वाढलेली, आणि पायांबरोबर चेहऱ्यावर व हातांवर दिसणारी सूज. तिच्या जोडीला डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा काजवे चमकणे, छातीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणे, यांपैकी काही असेल तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक झाला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर तो प्रीएक्लॅम्प्सिया नावाचा विकार असू शकतो. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास फेफऱ्यासारखे झटके येतात आणि जीव धोक्यात येतो. सूज नसतानाही हा विकार होऊ शकतो. म्हणूनच केवळ पाय पाहून भागत नाही, प्रत्येक तपासणीत रक्तदाब मोजलाच पाहिजे आणि लघवी तपासलीच पाहिजे.

दुसरी खूण : एकाच पायावर आलेली सूज. पोटरी किंवा मांडी दुखते, तेथे कातडी गरम लागते, लालसर दिसते. अशा वेळी पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असण्याची शक्यता असते. गरोदरपणात असा धोका इतर वेळेपेक्षा चार ते पाच पटींनी अधिक असतो, आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो सर्वाधिक असतो. असा पाय कदापि चोळू नये. मालिशीने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एकाएकी दम लागणे, छातीत दुखणे हे तिचे लक्षण होय. मालिश करणाऱ्या बाया आणि अनुभवी सुइणी यांना माझी हात जोडून विनंती आहे, की एक पाय सुजलेला आणि दुखरा दिसला तर तेलाची वाटी बाजूस ठेवावी आणि बाईला डॉक्टरांकडे पाठवावे.

तिसरी खूण : सुजेबरोबर फिकटपणा. ओठ, नखे, डोळ्यांच्या पापण्यांची आतील बाजू पांढुरकी दिसते, थोड्याशा श्रमानेही धाप लागते. तीव्र रक्तक्षयातही पायांवर सूज येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. गरोदरपणात रक्तातील हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय, आणि ७ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो तीव्र स्वरूपाचा समजला जातो.

२०१८ ते २०२० या काळासाठीच्या नमुना नोंदणी योजनेच्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूचे प्रमाण ३३ होते, तर देशाचे ९७. आपल्या राज्याने यात चांगली मजल मारली आहे, हे समाधानाचे आहे. तथापि त्या ३३ घरांना हे समाधान उपयोगाचे नाही. मातामृत्यूंच्या प्रमुख कारणांत रक्तस्रावाच्या जोडीने वाढलेला रक्तदाब येतो, आणि रक्तदाब मोजावयास एक यंत्र आणि दोन मिनिटे पुरतात.

पेटके आणि फुगलेल्या शिरा

रात्री गाढ झोपेत असताना पोटरीत एकदम गोळा येतो. कोणी याला पेटका म्हणतात, कोणी वांब येणे म्हणतात. अशा वेळी गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे नडगीच्या दिशेने वर ओढावीत, म्हणजे आखडलेला स्नायू सैल होतो. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटरीस ताण द्यावा. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून नियमित घ्याव्यात. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी न घेता दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. रात्री पाय स्वस्थ न राहणे, ते सतत हलवावेसे वाटणे, या तक्रारीचा संबंध पुष्कळदा लोहाच्या कमतरतेशी असतो, हेही लक्षात असू द्यावे.

काहींच्या पायांवर निळसर, वेड्यावाकड्या शिरा फुगून येतात. पाय ठणकतात, जड वाटतात. अशा स्त्रियांनी एका जागी फार वेळ उभे राहू नये, पायावर पाय टाकून बसू नये, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास पायावर घट्ट बसणारे ताणमोजे सकाळी उठताच, सूज चढण्यापूर्वी, घालावेत. प्रसूतीनंतर काही महिन्यांत या शिरा पुष्कळशा ओसरतात.

पादत्राण कसे असावे

पादत्राण हा चैनीचा विषय नव्हे. अनवाणी चालणे किंवा झिजलेली रबरी चप्पल ओढत चालणे गर्भवतीस हिताचे नाही. अंगठ्याने धरून ठेवावी लागणारी सपाट चप्पल चिखलात आणि ओल्या फरशीवर चटकन निसटते. उंच टाचेचे पादत्राण आधीच पुढे झुकलेला तोल अधिक पुढे ढकलते. मागून पट्टा असलेली, पुढे बोटांना ऐसपैस जागा असलेली, तळ मऊ पण न घसरणारा आणि टाच रुंद व बेताची असलेली सँडल उत्तम. ती खरेदी करावयाची ती संध्याकाळी, कारण त्या वेळी पाय सर्वांत अधिक सुजलेला असतो. डोहाळजेवणाला हिरव्या साडीबरोबर अशा सँडलचा एक जोड भेट देण्याची प्रथा आपण पाडली तर ती नक्कीच उपकारक ठरेल.

उभे राहण्याचे श्रम आणि कायदा

भगिनींनो, येथवर मी जे उपाय सांगितले त्यांतील बहुतेकांना पैसा लागत नाही, परंतु एक गोष्ट लागते. ती म्हणजे सवड. पाय उंच करून वीस मिनिटे पडावे, हा सल्ला देणे सोपे आहे. सकाळी पाणी, मग चूल, मग शेत, संध्याकाळी पुन्हा पाणी आणि चूल, अशा दिवसात ती वीस मिनिटे तिने आणावयाची कोठून?

आपल्या राज्यातील स्त्रीच्या कामाचे स्वरूप डोळ्यांपुढे आणा. कोकणात ती गुडघाभर चिखलात वाकून भात लावते. विदर्भात कमरेला बांधलेल्या फडक्यात कापूस वेचीत दिवसभर उभी असते, आणि वेचणी वाढते तसे ते ओझेही वाढते. मराठवाड्यातून ऊसतोडीस जाणारी स्त्री फडात वाकते आणि उसाची मोळी डोक्यावर घेऊन वाहनात चढविते. शहरातील शिक्षिका फळ्यापुढे, एस.टी.ची महिला वाहक धावत्या गाडीत, दुकानातील विक्रेती गिऱ्हाइकापुढे तासन् तास उभी असते. कामे निरनिराळी, पण अखेर भार पडतो तो पायांवरच.

पायांचे हे श्रम कायद्याने पूर्वीच ओळखले आहेत. १९६१ च्या मातृत्व लाभ अधिनियमात अशी तरतूद करण्यात आली, की गर्भवती कामगार स्त्रीने विनंती केल्यास, प्रसूतीच्या अपेक्षित दिवसापूर्वीच्या सहा आठवड्यांच्या आधीचा एक महिना तिला श्रमाचे काम किंवा दीर्घकाळ उभे राहावे लागेल असे काम देता येणार नाही. त्या सहा आठवड्यांतही ती रजेवर न जाता काम करीत असेल तर तोच नियम लागू. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम ठेवण्यात आली आहे. नोकरदार भगिनींनी तिचा निःसंकोच लाभ घ्यावा. मागणी करणे हा हक्क आहे, मेहेरबानीची याचना नव्हे.

परंतु शेतावर आणि घरात राबणाऱ्या स्त्रीसाठी असा नियम कोण करणार? तो आपणच करावयाचा आहे. सहाव्या महिन्यानंतर तिने हंडा-कळशी उचलावयाची नाही, ते काम घरातील पुरुषाने करावयाचे, असा एकच नियम एका घराने केला तर त्या घरातील स्त्रीचे दुखणे निम्मे हलके होईल. चुलीपुढे किंवा मोरीत तासभर उकिडवे बसण्याऐवजी तिला पाट, स्टूल किंवा ओटा मिळावा. आपल्या पूर्वजांनाही याची जाण होती. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीने उकिडवे, उंचसखल किंवा कठीण आसनावर बसू नये असे सांगितले आहे. ग्रंथांचा अभिमान आपण बाळगतो. त्यातील एवढा सल्ला तरी घरात पाळता आला पाहिजे.

ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना एक आग्रहाची सूचना करावीशी वाटते. गावी नोंदणी होते, पण कोयता घेऊन बाहेर पडल्यावर तपासण्या खंडित होतात. निघताना माता व बाल संरक्षण कार्ड सोबत घ्यावे आणि कारखान्याच्या परिसरातील आरोग्य उपकेंद्रात ते दाखवून पुढील तपासण्या चालू ठेवाव्यात. मुकादम मंडळींनीही आपल्या टोळीतील गर्भवतीस मोळी उचलण्याचे काम देऊ नये.

उपलब्ध सोयींचा लाभ घ्या

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ मध्ये सुरू झाले. या अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य संस्थांत गर्भवतींची मोफत तपासणी करण्याची व्यवस्था आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत प्रसूती, औषधे, तपासण्या आणि वाहतूक यांचा अंतर्भाव आहे. १०२ किंवा १०८ या क्रमांकांवर रुग्णवाहिका बोलावता येते. दुर्गम आदिवासी भागांतील काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघराची सोय असून, प्रसूतीचे दिवस जवळ आलेल्या स्त्रीस तेथे आधीच येऊन राहता येते. कळा सुरू झाल्यावर डोंगरवाट पायी तुडविण्याची वेळ तिच्यावर येऊ नये, हाच त्यामागील हेतू.

अंगणवाडी सेविका आणि आशा स्वयंसेविका यांना मी एवढेच सुचवीन, की घरभेटीच्या वेळी गोळ्यांची चौकशी करताना तिच्या पायांकडेही दृष्टी टाकावी. अंगठ्याने नडगीवर काही सेकंद हलके दाबून पाहावे. खळगा राहत असेल तर सूज किती, एका पायास की दोन्ही, सकाळी उतरते की नाही, चेहऱ्यावर आहे काय, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तरांत शंका वाटताच रक्तदाब मोजण्याची व्यवस्था करावी.

बाळंतपणानंतर

प्रसूती झाली की सारे संपले, असे नाही. पहिल्या काही दिवसांत पायांवरची सूज थोडी वाढू शकते आणि मग आठदहा दिवसांत ओसरू लागते. मात्र वाढलेला रक्तदाब आणि रक्ताची गुठळी हे दोन्ही धोके प्रसूतीनंतर सहा आठवडे टळलेले नसतात. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची चाल आहे आणि ती स्वागतार्ह आहे. पण विश्रांती म्हणजे सव्वा महिना बाजेला खिळून राहणे नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्याने, शक्य तितक्या लवकर घरातल्या घरात थोडे थोडे चालणे आणि पडल्या जागी घोटे हलविणे आवश्यक आहे. त्यामुळे पायांतील रक्त साचत नाही. पाणीही तिला भरपूर प्यावयास द्यावे. सव्वा महिन्यानंतर लगेच डोक्यावर हंडा देऊ नये, कारण सैल झालेले सांधे पूर्वस्थितीवर येण्यास काही महिने लागतात.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळविली, तेव्हा आपल्या प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचाच. आपल्या मायभगिनींना स्त्री डॉक्टर मिळावी, त्यांना आपले दुखणे मोकळेपणी सांगता यावे, ही त्यांची तळमळ होती. आज तपासणीची सोय गावाजवळ आली आहे, डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत, रुग्णवाहिका आहे. तरीही दुखणे सांगितलेच गेले नाही आणि सांगितलेले ऐकलेच गेले नाही, तर या सोयींचा उपयोग होणार नाही.

म्हणून बंधूंनो आणि भगिनींनो, आज घरी गेल्यावर आपल्या घरात किंवा शेजारी कोणी दोन जिवांची असेल तर तिला बसावयास सांगा, तिचे पाय पाहा आणि तिला विचारा, "पाय दुखतात का ग?" तिने सांगितलेले नीट ऐकून घ्या. नेहमीचे असेल तर तिच्या हातातील कळशी आपण घ्या, आणि धोक्याचे वाटले तर तिला घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात जा.